बारा खेळाडू काढा म्हणे!

वास्को म्हटले की आपल्याला गोव्यातले शहर आठवते. त्याच पोर्तुगीज दर्यावर्दीचे नाव लावणारा फुटबॉल क्लब ब्राझीलच्या रिओ शहरात आहे. नाव वसाहतवाद्याचे, इतिहास मात्र वेगळाच!

पोर्तुगीज स्थलांतरितांनी १८९८ मध्ये नौकानयनासाठी हा क्लब काढला. फुटबॉल नंतर आला. तेव्हा रिओत फुटबॉल म्हणजे श्रीमंत गोऱ्यांचा खेळ. गुलामगिरी १८८८ मध्येच कायद्याने संपली होती, पण कायद्याने मैदान थोडेच बदलते? वास्कोने काळे, मिश्रवर्णीय, कष्टकरी खेळाडू घेतले आणि १९२३ मध्ये पहिल्या श्रेणीत पाऊल ठेवताच विजेतेपद पटकावले. प्रस्थापितांच्या पोटात दुखू लागले. फ्लामेंगो, फ्लुमिनेन्से, बोटाफोगो आदींनी १९२४ मध्ये वेगळी संघटना काढून वास्कोला अट घातली : बारा खेळाडू काढा! कारण रंगाचे दिले नाही. पोटापाण्यासाठी काय करतात, सामन्याच्या कागदावर सही करता येते का, एवढेच विचारले. आधी शाळा नाकारायची, मग निरक्षर म्हणून हाकलायचे! ही युक्ती आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

क्लबचे अध्यक्ष जोझे आउगुस्तो प्रेस्तेस यांनी ७ एप्रिल १९२४ रोजी पत्राने कळवले : खेळाडू काढणार नाही, तुमच्या संघटनेतही येणार नाही. १९२५ मध्ये संघटनेलाच दार उघडावे लागले.

वास्कोकडे धड मैदान नाही, असेही हिणवले जाई. चाहत्यांनी वर्गणी काढली. २१ एप्रिल १९२७ रोजी साओ जानुआरिओ स्टेडियम खुले झाले, तेव्हाचे ब्राझीलमधले सर्वात मोठे. क्लब आजही तिथेच खेळतो, आणि चाहते त्या पत्राला 'ऐतिहासिक उत्तर' म्हणतात.