दुकानाची वही घरात कोणाला वाचता येते?

आपल्या समाजात नोकरीपेक्षा धंद्यावर चालणारी घरे बरीच आहेत. गॅरेज, बेकरी, चिकन सेंटर, फळांची गाडी, शिलाईकाम, फॅब्रिकेशन, गाद्यांचे दुकान. हाताला कसब असते, गिऱ्हाईक असते, मेहनतीला कोणी मागे हटत नाही. नसतो तो लिहिलेला हिशेब. कोणाकडून किती यायचे आणि कोणाला किती द्यायचे, हे सगळे घरच्या कर्त्या माणसाच्या डोक्यात असते. फार तर एक डायरी असते आणि तीही फक्त त्यालाच वाचता येते.

तो माणूस धडधाकट आहे तोवर हे चालून जाते. आमचे खंडाळा हे सातारा जिल्ह्यातले, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचे; लोणावळ्याजवळचे नव्हे. येथून पुणे-बंगळुरू महामार्ग जातो, त्यामुळे रस्त्यालगत गॅरेज आणि पंक्चरची दुकाने पुष्कळ. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुकानदाराचा अचानक इंतिकाल झाला. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. तिची आई इद्दतीत होती, तेव्हाच ज्यांचे पैसे द्यायचे होते ते एकेक करून दारात आले. ज्यांच्याकडून पैसे यायचे होते, त्यांच्यापैकी फार थोडे आले. कोण खरे बोलतो आणि कोण वाढवून सांगतो, हे ठरवायला घरात एकही कागद नव्हता.

मयताचे कर्ज फेडल्यावाचून मीरास वाटता येत नाही, हे आपण सर्व जाणतो. पण कर्ज किती, हेच ठाऊक नसेल तर फेडायचे काय आणि वाटायचे काय?

सर्वांत लांब आयत

सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. ठरावीक मुदतीचे देणे असेल तर लिहा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. हातोहात रोखीच्या व्यवहाराला तेवढी सूट आहे.

आपण ही आयत तिलावतीत ऐकतो, पण भाऊ-भाऊ किंवा मामा-भाचे यांच्यात पैसे देताना कागद काढला की "विश्वास नाही का?" असा सवाल येतो. वास्तविक लिहिणे हा अविश्वास नव्हे. उद्या दोघांपैकी एक विसरला किंवा दोघेही राहिले नाहीत, तर मुलाबाळांत भांडण होऊ नये, यासाठीची ती तजवीज आहे.

लिहायचे कसे, हे मात्र शिकावे लागते. त्या शास्त्राला मराठीत लेखाकर्म म्हणतात. हा विषय वाणिज्य शाखेच्या मुलांचा, अशी आपली समजूत असते. आज तो मोबाइलवर, घरबसल्या, बहुतांशी फुकट शिकता येतो.

कुठे शिकावे?

केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. त्यावर एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाचे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत चालतात. आयआयटी मुंबईचे प्रा. वरदराज बापट यांचा आर्थिक लेखाकर्माचा अभ्यासक्रम यातलाच. व्याख्याने पाहणे, दर आठवड्याचा स्वाध्याय सोडवणे हे सर्व मोफत. प्रमाणपत्र हवे असेल तरच सुमारे १,००० रुपये भरून नेमलेल्या केंद्रावर परीक्षा द्यायची. त्यात २५ टक्के गुण स्वाध्यायाचे आणि ७५ टक्के परीक्षेचे. व्याख्याने यूट्यूबवरही असतात, म्हणून सत्र हुकले तरी शिकणे अडत नाही.

दुसरा प्रसिद्ध अभ्यासक्रम अमेरिकेतल्या व्हार्टन स्कूलच्या प्रा. ब्रायन बुशी यांचा, 'कोर्सेरा'वरचा. तो चार आठवड्यांचा आहे: पहिल्या आठवड्यात ताळेबंद, दुसऱ्यात नफा-तोटा, तिसऱ्यात रोख पैशाची आवक-जावक आणि चौथ्यात आकड्यांवरून धंद्याची तब्येत ओळखणे. मधूनच कार्टूनमधले विद्यार्थी शंका विचारतात, आणि त्या शंका नेमक्या आपल्याच असतात. प्रमाणपत्रासाठी मात्र पैसे पडतात.

दोन्हीकडे शिकवणे इंग्रजीत आहे. त्यावर एक सोपा इलाज आहे. अकरावीचे 'पुस्तपालन व लेखाकर्म' हे मराठी पाठ्यपुस्तक शेजारी ठेवायचे. व्याख्यानात शब्द आला की पुस्तकात त्याचा मराठी शब्द शोधायचा. मी मराठी-उर्दूची शिक्षिका. वाणिज्याशी माझा संबंध नव्हता. आम्ही चौघींनी मिळून हा अभ्यास केला: मी, एक शिलाईकाम करणारी, एक बचत गटाची कोषाध्यक्ष आणि एका दुकानदाराची बारावी झालेली मुलगी. रविवारी दुपारी व्याख्यान सावकाश गतीने लावायचे, दर पाच मिनिटांनी थांबवायचे, आणि उदाहरण आपल्याच दुकानाचे घेऊन वहीत सोडवायचे. एकटीने पाहिले असते तर तिसऱ्या आठवड्यात सोडून दिले असते, असे चौघीही म्हणतात.

शब्द आपलेच आहेत

हा विषय परका वाटतो, पण त्याचे शब्द तपासले तर गंमत दिसते. हिशेब, जमा, बाकी, रक्कम, कर्ज, वसूल, नफा हे मराठीत अरबीतून आलेले शब्द. रोजकीर्द फारसीतून आला. ज्या घरात उर्दू बोलली जाते त्या घराला या विषयाची निम्मी परिभाषा आधीच येते. मराठी पाठ्यपुस्तकात रोजच्या नोंदवहीला रोजकीर्द, खात्यांच्या वहीला खातेवही आणि सगळ्या खात्यांची बेरीज जुळते का हे तपासण्याच्या तक्त्याला तेरीजपत्रक म्हणतात.

आकड्यांचेही तसेच. भारतात जन्मलेले अंक अल्-ख्वारिज्मींसारख्या गणितींच्या ग्रंथांतून अरबांकडे रुळले आणि तेथून युरोपात गेले. त्याच अंकांत व्हेनिसचे व्यापारी हिशेब ठेवू लागले आणि १४९४ मध्ये लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने त्यांची द्विनोंदी पद्धत छापील ग्रंथात मांडली. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात आणि दोन्ही लिहायच्या, हे तिचे सार.

एका दुकानाचा ताळेबंद

समजा, महामार्गावर टायर आणि सुट्या भागांचे दुकान आहे. गल्ल्यात व बँकेत २५,००० रुपये, दुकानात माल १,२०,००० चा, गिऱ्हाइकांकडून येणे ४०,०००, कॉम्प्रेसर व इतर यंत्रे ६५,००० ची. एकूण मालमत्ता २,५०,०००. देणे असे: माल देणाऱ्या व्यापाऱ्याचे ७०,००० आणि नातेवाइकाकडून उसने घेतलेले ५०,०००, मिळून १,२०,०००. मग मालकाचे स्वतःचे किती? २,५०,००० मधून १,२०,००० वजा जाता १,३०,००० रुपये. हा झाला ताळेबंद. भरलेले दुकान पाहून घरच्यांना अडीच लाख आपले वाटतात. वही सांगते, एक लाख तीस हजार.

आता एका महिन्याचा नफा पाहू. विक्री ९०,००० ची, त्यांपैकी ३०,००० उधारीवर. विकलेल्या मालाची खरेदी किंमत ६०,०००, भाडे व वीज ८,०००, मदतनिसाचा पगार १०,०००. याशिवाय ६०,००० चा कॉम्प्रेसर पाच वर्षे चालेल असे धरले तर त्याची झीज महिन्याला १,००० रुपये, हा घसारा. नफा राहिला ११,००० रुपये.

पण हाती पैसे किती? रोख विक्रीचे ६०,००० आले. व्यापाऱ्याला ५०,००० दिले, भाडे-वीज-पगाराचे १८,००० गेले. म्हणजे गल्ल्यातले ८,००० रुपये कमी झाले. नफा झाला आणि पैसा आटला, दोन्ही एकाच महिन्यात. "धंदा तर जोरात आहे, मग घरात पैसे का नाहीत?" हा वाद अनेक घरांत होतो. त्याचे उत्तर बहुधा उधारीत आणि पडून राहिलेल्या मालात असते.

आणखी एक गोष्ट. मुलीच्या फीसाठी किंवा किराण्यासाठी गल्ल्यातून काढलेले पैसे हा दुकानाचा खर्च नव्हे. ती मालकाची उचल, तिची नोंद वेगळी. घर आणि दुकान वहीत वेगळे केले, एवढ्यानेही अर्धा गोंधळ मिटतो.

नवशिक्यांना जमा-नावे यात अडचण येते. बँकेचा मेसेज येतो, तुमच्या खात्यात ५,००० 'क्रेडिट' झाले. आणि अभ्यासक्रमात शिकवतात की बँकेत पैसे आले तर बँक खाते 'डेबिट' करा. दोन्ही बरोबर. मेसेज बँकेच्या वहीतला आहे. आपले पैसे म्हणजे बँकेवरचे देणे, म्हणून तिच्याकडे जमा. आपल्या वहीत तेच पैसे आपली मालमत्ता, म्हणून नावे. एकच व्यवहार, दोन वह्या.

जकातीचा हिशेब

रमजान आला की दुकानदार अंदाजाने जकात काढतात. ताळेबंद मांडलेला असेल तर अंदाज करावा लागत नाही. वरच्या उदाहरणात विक्रीचा माल, रोख आणि येणे मिळून १,८५,००० होतात. देणे १,२०,००० वजा केले तर ६५,००० उरतात. कॉम्प्रेसर आणि यंत्रे जकातीत धरायची नाहीत, कारण ती विकण्यासाठी नाहीत. मालाची किंमतही वेगळी: ताळेबंदात माल साधारणपणे खरेदी किमतीला धरतात, जकातीसाठी त्या दिवशीच्या बाजारभावाने. या रकमेत घरातले सोने-चांदी व बचत मिळवायची. बेरीज निसाबाइतकी, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने किंवा ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी भरली आणि वर्ष पूर्ण झाले, तर अडीच टक्के. ६५,००० वर ते १,६२५ रुपये होतात. बुडीत येणे, लांब मुदतीचे कर्ज यांविषयी मसलकांत फरक आहेत. ते आपल्या आलिमांना विचारावेत. पण विचारायला जाताना हातात आकडे हवेत.

या अभ्यासक्रमात व्याजाच्या नोंदी येतात, मग शिकावे का, असेही विचारले जाते. नोंद करता येणे म्हणजे व्यवहार पसंत करणे नव्हे. उलट, कोणत्या रकमेत व्याज किती हे ओळखता आले तरच ते वेगळे काढता येते. इस्लामी वित्तसंस्थांसाठी लेखाकर्माचे दंडक ठरवणारी एएओआयएफआय ही संस्था १९९१ पासून बहरीनमध्ये काम करते. लेखाकर्म न शिकता हे काम झाले नसते.

म्हसवडच्या बायका

"आमच्या बायकांना हे झेपेल का?" असे कोणी म्हटले तर त्यांना आपल्याच जिल्ह्यातले म्हसवड दाखवावे. चेतना सिन्हा यांनी तेथे ग्रामीण स्त्रियांची बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींचे अंगठे होते. त्या बायका अक्षरे गिरवून पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल पण हिशेब येतो; कोणतीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनीही कॅल्क्युलेटरशिवाय काढावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे त्याच संस्थेने गावोगावच्या बायकांना धंद्याचे व पैशाचे व्यवहार शिकवणारे वर्ग काढले. त्यांच्या बँकेचा मार्ग आपण घ्यावा की नाही हा वेगळा प्रश्न. त्यांचा हिशेब मात्र जरूर घ्यावा.

शिवाय सावित्रीबाई फुले यांचा जन्म ज्या नायगावात १८३१ मध्ये झाला, ते आमच्याच खंडाळा तालुक्यातले. मुलींच्या हाती पाटी देण्याची सुरुवात ज्या मातीतून झाली, तेथे मुलींच्या हाती वही देणे अवघड का वाटावे?

सुरुवात कशी करावी?

आधी अभ्यासक्रमाची वाट न पाहता एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर आजची तारीख घाला. डाव्या बाजूला जे आहे आणि जे येणे आहे ते, उजव्या बाजूला जे देणे आहे ते लिहा. अमानत म्हणून ठेवलेले दुसऱ्याचे पैसे आणि पत्नीची न दिलेली मेहर हेही देणेच, ते विसरू नका. हे पान कर्त्या पुरुषाने सांगावे आणि घरातल्या मुलीने किंवा पत्नीने लिहावे. मग अभ्यासक्रमात नाव नोंदवा, दोघी-तिघी सोबत घ्या, आठवड्याला तीन तास ठरवून द्या. महिन्याच्या शेवटी तेच पान पुन्हा मांडा.

त्या गॅरेजवाल्यांच्या मुलीने पुढे वाणिज्य शाखा घेतली. आज ती एका दुकानाची वही सांभाळते, आणि घरी तिच्या आईलाही ती वाचता येते. अल्लाह प्रत्येक घराला कर्जाच्या ओझ्यातून मुक्त ठेवो. पण ओझे किती आहे, हे आपण स्वतः लिहून ठेवले पाहिजे.