औजारं रेडी, हात रेडी... जागा?

सगळ्यांसाठी खुलं असलेलं वर्कशॉप सुरू करायची आयडिया तशी भन्नाट. पण घोडं अडतं ते एकाच ठिकाणी!

घरातला मिक्सर बंद पडला की आपण काय करतो? नवा आणतो. खुर्चीचा पाय निखळला? तिची रवानगी थेट बाल्कनीत! दुरुस्त करायची हौस असते हो, पण वन बीएचकेमध्ये करवत, रंधा आणि ड्रिल मशीन ठेवणार कुठे? म्हणूनच कम्युनिटी वर्कशॉप ही कल्पना शहरात एकदम फिट बसते. औजारं सगळ्यांची, टेबलही सगळ्यांचं. कुणी स्टूल बनवतंय, कुणी रेडिओ उघडून बसलंय आणि एखादे रिटायर्ड काका पटाशी कशी धरायची ते दाखवतायत.

हा नुसता टाइमपास नाही बरं का. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात 'मेन्स शेड' सुरू झाल्या, आज तिथे त्या हजाराहून जास्त आहेत. नोकरी संपली की अनेक पुरुषांचं घराबाहेर जायचं ठिकाणच संपतं. समोर बसवून 'बोला' म्हटलं तर ते गप्प, पण शेजारी उभं राहून काम करताना मात्र मोकळे होतात. अशी जागा हातची गेली, तर फक्त सुतारकाम थांबत नाही.

आधी कोंबडी की आधी अंडं?

समजा, तुमच्या ग्रुपने ट्रस्ट काढायचं ठरवलं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीसाठी कार्यालयाचा पत्ता लागतो, तो एखाद्या विश्वस्ताच्या घराचा देता येतो. खरी गोची पुढेच आहे. भाड्यासाठी कंपनीकडे सीएसआर फंड मागायला जावं, तर नियमानुसार बाहेरच्या संस्थेला तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव हवा. अनुभवासाठी काम हवं, कामासाठी जागा हवी आणि जागेसाठी पैसा. घ्या!

स्वस्त म्हणजे मस्त नव्हे

मग शोध सुरू होतो स्वस्त जागेचा. इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा मिळाला तर थ्री-फेज कनेक्शन असतं, आवाजाची कटकट नसते. पण शेवटच्या बसस्टॉपच्याही पुढे असेल, तर रात्री नऊला तिथून एकटी मुलगी परतणार कशी? आणि लिफ्ट नसेल तर काका दुसरा मजला चढणार कसे?

सोसायटीजवळचा हॉल सोयीचा, पण ग्राइंडर सुरू झाला की शेजारी दारात हजर. त्यांचंही बरोबरच आहे. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे.

त्यात तो ११ महिन्यांचा करार! मशीन जमिनीला बोल्ट करायची, वायरिंग करायचं आणि वर्षाच्या आत बोऱ्याबिस्तरा गुंडाळायचा. गंमत म्हणजे १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीचीच आहे, मुदत कितीही असो. म्हणजे ११ हा आकडा केवळ सवयीचा. बिनधास्त ३ ते ५ वर्षं मागा.

जागा नको, वेळ मागा

पण आधी एक साधा प्रश्न. तुमचं वर्कशॉप गजबजणार कधी? संध्याकाळी आणि रविवारी. नेमकी त्याच वेळी बऱ्याच आयटीआय, पॉलिटेक्निक आणि शाळांच्या कार्यशाळांना कुलपं असतात. आत टेबलं, व्हाइस, वीज, सगळं तयार! मग अख्खी जागा कशाला, रिकामे तास मागा ना.

'रिपेअर कॅफे' याच वाटेने वाढले. मार्टिन पोस्टमा या पत्रकार बाईंनी २००९मध्ये ॲमस्टरडॅमला पहिला कॅफे भरवला. स्वतःची इमारत हवीच असा हट्ट नाही. उसना हॉल, ठरलेला दिवस आणि सोबत आणलेली औजारं. आज जगभरात असे २ हजारांहून जास्त कॅफे आहेत.

अर्थात, पाहुण्याच्या अडचणी असतातच. अर्धवट राहिलेलं स्टूल ठेवायचं कुठे? आणि प्राचार्यांचा पहिला प्रश्न असणार, 'कुणाचं बोट कापलं तर जबाबदार कोण?' याचं उत्तर तोंडी नको, कागदावर न्या. असे ३ वर्षं रविवार भरवलेत, की सीएसआरवाले मागतात तो अनुभवही गाठीशी जमतो. मग स्वतःचा गाळा शोधा, खुशाल!

जागा बघायला निघताय?
• संध्याकाळी ७ वाजता जा, बस किंवा लोकलने. दुपारी कारने गेलात तर खरं चित्र कळणार नाही.
• मीटर बघा. थ्री-फेज आहे का? लोड किती?
• भुसा आणि धूर बाहेर जायला वाट आहे का?
• टॉयलेट आणि पायऱ्या आधी बघा, भाडं नंतर विचारा.
• कुलूप लावता येईल असं एक कपाट मागा. सुरुवातीला तेवढंच तुमचं वर्कशॉप!