एका ठोशाचा नायक आणि एक सायकलस्वार

चित्रकथा हातात दिसली की आपल्याकडील सुजाण मंडळी एक क्षमाशील हास्य करतात. ‘अजून हे वाचतोस?’ हा प्रश्न मला वाचनकक्षातच विचारला गेला आहे. म्हणून मी अजून काय वाचतो, ते येथे थोडक्यात सांगतो.

जपानी चित्रकथेला मांगा म्हणतात. ‘वन’ या टोपणनावाच्या एका हौशी लेखकाने 2009 मध्ये ‘वन-पंच मॅन’ ही मांगा स्वतःच इंटरनेटवर काढावयास सुरुवात केली. रेखाटने अगदी ओबडधोबड. पण युसुके मुराता या नावाजलेल्या चित्रकाराला ती इतकी आवडली की त्याने ती नव्याने चितारण्याची तयारी दाखविली, आणि 2012 पासून ती आवृत्ती निघू लागली.

नायक सैतामा हा एके काळचा बेकार तरुण. रोज शंभर जोर, शंभर बैठका, तितकेच पोटाचे व्यायाम आणि दहा किलोमीटर धावणे, एवढ्या भांडवलावर तीन वर्षांत तो असा बलवान होतो की कोणताही राक्षस एकाच ठोशात गारद! मोबदल्यात डोक्यावरचे केस मात्र सगळे जातात. आता अडचण पाहा. वेताळ असो वा सुपरमॅन, ‘तो जिंकेल का?’ या शंकेवरच आपण पाने उलटतो. येथे ती शंका पहिल्याच प्रकरणात संपते. मग कथेत उरले काय?

उरते ती माणसांची प्रतवारी. या जगात वीरांची एक संघटना आहे. ती परीक्षा घेते, श्रेणी देते. सैतामा शारीरिक चाचणीत सारे विक्रम मोडतो, पण लेखी परीक्षेत गडगडतो. उत्तीर्ण होण्यास 70 गुण लागतात. त्याला मिळतात 71. म्हणून तो सर्वांत खालच्या ‘क’ वर्गात. (गुणपत्रिकेशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना अधिक सांगणे नलगे.)

याच ‘क’ वर्गात मुमेन रायडर आहे. अंगी कसलीही अद्भुत शक्ती नाही, वाहन म्हणजे एक साधी सायकल. आपल्या फास्टर फेणेची आठवण व्हावी, पण फेणे बहुधा जिंकतो. समुद्रातून आलेला राक्षसराज मोठमोठ्या वीरांना लोळवून आश्रयस्थानातील लोकांवर चालून येतो, तेव्हा हा सायकलवाला त्याच्यासमोर उभा राहतो. आपण हरणार हे त्याला ठाऊक आहे, आणि तो तसे मोठ्याने बोलूनही दाखवितो. मार खातो, पुन्हा उठतो. मागे लोक रडत त्याला हाका मारीत आहेत. शेवटी तो कोसळत असता सैतामा येऊन त्याला सावरतो, आणि मग नेहमीचा एक ठोसा.

माझ्या मते कथेचे खरे मर्म यापुढे आहे. गर्दीतील एक गृहस्थ म्हणतो की, राक्षस एका ठोशात मेला, तेव्हा आधी हरलेले वीर कुचकामीच असले पाहिजेत. यावर सैतामा हसून सांगतो की, इतरांनी राक्षसाला आधीच खिळखिळा केला होता, आपण उशिरा येऊन आयते श्रेय लाटले. हे धादांत खोटे आहे. त्याने स्वतःचे नाव घालवून हरलेल्यांची पत राखली. ज्याच्या ठोशाला जगात तोड नाही, त्याला या प्रसंगी ठोसा उपयोगी पडत नाही. त्या गृहस्थाला मारून काय होणार? लोकांच्या मनातील हिशेब बदलावयास त्याच्याजवळ स्वतःच्या नावलौकिकाखेरीज काही नाही, आणि तोच तो देऊन टाकतो. अशी लढत मी दुसऱ्या कोणत्याही वीरकथेत पाहिलेली नाही.

दोषही आहेत. पुढे पुढे मुराताच्या लढाया पानेच्या पाने लांबतात. चित्रे डोळे दिपविणारी, पण कथा जागेवरच. ‘वन’च्या मूळ वेड्यावाकड्या रेषांत हा पसारा नव्हता, आणि सायकलवाल्याचा सुजलेला चेहरा तेथे चार रेघांतही पुरेसा बोलतो.

पहिले पाच खंड इंग्रजीत माझ्याजवळ आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी न्यावेत. फक्त पाने दुमडू नयेत.