चार डोक्यांत एकच नकाशा

पुसद, वणी, दारव्हा, यवतमाळ जिल्ह्यातलं गाव कोणतंही असो. बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळणारे चार पोट्टे जमले की शेवटच्या झोनमध्ये तेच आवाज येतात. 'रश कर, रश कर!' 'अबे, आधी रिव्हाइव्ह दे ना!' 'कुठून मारून राह्यला तो?' या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत विचारणारा नॉक झालेला असतो. मग खापर फुटतं पिंगवर, म्हणजे संथ नेटवर. कधी ते खरंही असतं. पण नेम आणि नेट दोन्ही ठीक असूनही स्क्वॉड हरतो, तेव्हा चौघांच्या डोक्यात चार वेगळ्या लढाया चाललेल्या असतात.

मानसिक तयारी म्हटलं की आपल्याला दीर्घ श्वास आणि 'टेन्शन घेऊ नको' हा फुकटचा सल्ला आठवतो. एकट्याच्या खेळात तो पुरेलही. संघाचं मन कसं चालतं, याच्या अभ्यासाला मात्र एका भीषण चुकीने जोर दिला. ३ जुलै १९८८ रोजी 'व्हिन्सेन्स' या अमेरिकी युद्धनौकेने पर्शियन आखातावर इराणचं प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडलं. २९० माणसं गेली. विमान वर चढत होतं, नौकेवरची यंत्रणाही तेच नोंदवत होती. तरी आत 'खाली येतंय' असं सांगितलं जात होतं. दडपणाखाली संघ निर्णय कसे घेतो, हे शोधायला अमेरिकी नौदलाने त्यानंतर मोठा प्रकल्प हाती घेतला. जेनिस कॅनन-बॉवर्स आणि एदुआर्दो सालास हे या विषयातले बिनीचे संशोधक. त्यांचं म्हणणं असं, की चांगल्या संघातल्या सगळ्यांच्या मनात परिस्थितीचं चित्र बरंचसं सारखं असतं. म्हणून सोबती पुढे काय करणार, हे विचारावं लागत नाही.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे तपासलं गेलं, तेही संगणकावरच्या हवाई लढाईच्या खेळावर! विद्यार्थ्यांच्या ५६ जोड्या होत्या. एकत्र कसं खेळायचं याची ज्यांची समज जुळत होती, त्यांचा समन्वय चांगला राहिला आणि त्यामुळे कामगिरीही.

आपल्याकडे हे कबड्डीला माहीत आहे. शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी ज्या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं, त्यातली साखळी आठवा. कोपऱ्यातल्याने घोटा धरला की बाकीचे 'आता काय करू?' विचारत बसत नाहीत.

स्क्वॉडची साखळी मॅच नसताना घडते. 'तिकडे, झाडामागे' हा कॉल निरुपयोगी, कारण प्रत्येकाच्या स्क्रीनवर झाडं वेगळी. '३१५, दोघे' एवढंच पुरे: कंपासचा आकडा आणि माणसं. अंतिम शब्द आयजीएलचा, म्हणजे खेळातल्या म्होरक्याचा, मग तो चुकला तरी. नॉक झालेल्याने माहिती द्यावी आणि गप्प बसावं. माझ्या मते हा सर्वांत अवघड नियम आहे. मॅचनंतर दहा मिनिटं, शिव्या न घालता, काय घडलं ते बोलावं. अशा आढाव्यांवरच्या अनेक अभ्यासांचा २०१३ साली एकत्रित हिशेब झाला, तेव्हा कामगिरीत सरासरी २० ते २५ टक्के सुधारणा दिसली.

मोक्याच्या क्षणी ढेपाळतो अशी ख्याती असलेल्या डेन्मार्कच्या 'अ‍ॅस्ट्रॅलिस' या काउंटर-स्ट्राइक संघाने क्रीडा मानसशास्त्रज्ञ मिया स्टेलबर्ग यांची मदत घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये अटलांटाची मेजर स्पर्धा जिंकली. सगळं श्रेय त्यांना देणं भाबडेपणाचं होईल, पण मोठे संघ यावर खर्च करतात ते उगाच नाही.

यवतमाळच्या पोरांपुढे आणखी एक अडचण आहे: ऊन. मे महिन्यात तापलेला फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. म्हणून खेळ रात्रीवर जातो आणि झोप कापली जाते. २००३च्या एका प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिलेल्यांचं लक्ष आणि स्मरण रात्रभर जागलेल्या माणसांइतकं घसरलं. त्यांना स्वतःला मात्र फक्त थोडी झोप येतेय असं वाटत होतं. त्यामुळे रात्री दीड वाजता 'अजून एक मॅच' म्हणणाऱ्याला 'बस, झोप आता' हा कॉल कोणी द्यायचा, तेही स्क्वॉडने संध्याकाळीच ठरवून ठेवलेलं बरं.