बॅटरीतील आग आणि घन पॉलिमरचा शोध

पूर्णा परिसरातील गोदामांतून माल पोहोचवणाऱ्या दुचाकींत आता विजेवर चालणाऱ्या गाड्याही दिसतात. रात्री त्यांच्या बॅटऱ्या अनेकदा राहत्या घरातच चार्जिंगला लावल्या जातात. 9 एप्रिल 2022 रोजी नाशिकजवळ कंटेनरमध्ये भरलेल्या 20 विद्युत स्कूटर आगीत सापडल्या. अशा बातम्या वाचून पालकांना चिंता वाटणे स्वाभाविक आहे.

लिथियम बॅटरीच्या दोन अग्रांमध्ये विद्युत अपघटनी, म्हणजेच इलेक्ट्रोलाइट असते. लिथियमचे आयन त्यातून ये-जा करतात. प्रचलित बॅटऱ्यांत लिथियमचा क्षार सेंद्रिय द्रावकात विरघळवलेला असतो आणि हे द्रावक ज्वलनशील असते. आत शॉर्टसर्किट झाले की उष्णता वाढते, द्रावकाची वाफ होते आणि ती पेट घेते. मग द्रवाऐवजी घन पदार्थ का वापरू नये?

1973 साली इंग्लंडमध्ये पीटर राइट व सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइड हे पॉलिमर अल्कली धातूंचे क्षार सामावून घेते, असे दाखवले. फ्रान्सच्या मिशेल आर्मां यांनी पुढे ते बॅटरीसाठी सुचवले. अडचण एकच होती. पॉलिमरच्या साखळ्या हलल्या तरच आयन पुढे सरकतात. परंतु नेहमीच्या तापमानाला त्या साखळ्या स्फटिकरूपात घट्ट बसतात. सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या पुढेच त्या सैल होतात.

1998 मध्ये इटलीच्या ब्रुनो स्क्रोसाटी यांच्या गटाने त्यात टायटॅनियम डायऑक्साइड व ॲल्युमिना यांची अतिसूक्ष्म पूड मिसळली. ही पूड स्वतः आयन वाहून नेत नाही. ती साखळ्यांना पुन्हा स्फटिक होऊ देत नाही. यालाच संमिश्र घन इलेक्ट्रोलाइट म्हणतात. वाहकता वाढली, तरी ती द्रवाच्या मानाने शेकडो पटींनी कमीच राहिली.

घन म्हणजे पूर्ण निर्धोक, असेही नव्हे. एप्रिल 2022 मध्ये पॅरिसमध्ये लिथियम-पॉलिमर प्रकारच्या घन बॅटऱ्यांवर चालणाऱ्या दोन बस जळाल्या आणि 149 बस काही काळ थांबवाव्या लागल्या. लिथियम धातू स्वतःच ज्वलनशील आहे, याचा विसर पडू नये.

पुण्यातील सी-मेट या केंद्रीय संस्थेत लिथियम बॅटरीच्या पदार्थांवर संशोधन चालते. रसायनशास्त्राची गोडी असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी हे क्षेत्र खुले आहे. तोवर घराघरांत एवढे पाळावे: गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरावा, फुगलेली बॅटरी तत्काळ बाजूला काढावी आणि बाहेर पडण्याच्या दारापाशी किंवा जिन्यात रात्रभर चार्जिंग करू नये.