बेड चारची शुगर

सकाळी ७.४५

रात्रपाळीची सिस्टर बेड चारपाशी चार्ज देते आहे. पंचविशीतला मुलगा, हेल्मेटशिवाय मोटरसायकलवरून पडलेला. आणला तेव्हा जीसीएस, म्हणजे शुद्धी मोजण्याचा आकडा, सहा. पंधरापैकी आठ किंवा त्याहून कमी भरला की मेंदूची दुखापत गंभीर धरतात. रात्रीच ऑपरेशन करून रक्ताची गाठ काढली, आता व्हेंटिलेटरवर आहे. “पहाटे पाचला शुगर २६४ आली, ताई. इन्सुलिन ड्रिप चालू केलंय. सातला २१८.”

मी आधी पंप बघते. ५० मिली सलाइनमध्ये ५० युनिट रेग्युलर इन्सुलिन, म्हणजे एका मिलीत एक युनिट. लेबल, वेळ, सही. पंपावरचा आकडा आणि चार्टवरचा आकडा जुळला की मगच चार्ज घेते.

८.३०

राउंड. नवा रेसिडेंट विचारतो, “मॅडम, दोन-तीन तासांत शंभरवर आणून टाकू का?” मॅडम थांबतात आणि सगळ्यांनाच सांगतात.

एकेकाळी तसं करतही होते. २००१ साली बेल्जियममधल्या लूव्हेनच्या सर्जिकल आयसीयूत ग्रीट व्हॅन डेन बर्ग यांनी शुगर ८० ते ११० मध्ये बांधून ठेवली. तिथल्या आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ वर आले आणि जगभर हीच पद्धत सुरू झाली. मग २००९ मध्ये ‘नाइस-शुगर’ अभ्यास आला, सहा हजारांवर रुग्णांचा. त्यात शुगर कडक ठेवलेल्यांपैकी ९० दिवसांत २७.५ टक्के दगावले. १८० च्या आत एवढंच बघितलेल्यांपैकी २४.९ टक्के. शुगर धोकादायकरीत्या खाली जाण्याचं प्रमाणही कडक गटात कितीतरी जास्त. मेंदूत बारीक नळी घालून तिथली साखर मोजणाऱ्यांना तर असं दिसलं, की रक्तातला आकडा कडक धरला की जखमी मेंदूतली साखर फार खाली जाते. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेला मेंदू एकूण साखरेतला पाचवा हिस्सा एकटा वापरतो. त्याची रसद तोडून त्याला बरं कसं करणार?

आमच्याकडे लक्ष्य ठरलेलं आहे: १४० ते १८०. मला हे मनापासून पटतं.

९.००

सॅम्पल आर्टरी लाइनमधून घेते. रक्तदाब औषधावर धरलेला असला आणि हात सुजलेले असले की बोटाच्या थेंबावर भरवसा ठेवता येत नाही. लाइनला लावलेली बाटली नॉर्मल सलाइनचीच आहे ना, हेही दर वेळी वाचून बघावं. तिथे डेक्स्ट्रोज लागली तर शुगर खोटी वाढलेली दिसते, आपण इन्सुलिन वाढवत जातो आणि खरी शुगर तळाला जाते.

१९६. पुढची दहाला.

११.००

नातेवाइकांची वेळ. आई पलंगाच्या कडेला उभी. कुणीतरी बाहेर बोलताना तिने ऐकलंय. “सिस्टर, आमच्या घरात कुणालाच शुगर नाही. ह्याला कुठून आली?”

“काकू, त्याला डायबेटिस नाही. मार लागल्यावर शरीर घाबरून जी हार्मोन्स सोडतं, त्यांनी लिव्हरमधली साखर रक्तात येते आणि इन्सुलिनचं काम नीट होत नाही.” ऑपरेशनआधीच्या रक्ताचं एचबीए१सी ५.४ आलंय, म्हणजे गेले दोन-तीन महिने त्याची शुगर व्यवस्थित होती.

मेंदू आणि साखरेचं हे नातं जुनं आहे. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी १८४९ च्या सुमारास सशाच्या मेंदूच्या तळाशी सुई टोचली, तर लघवीत साखर उतरली. मार जितका मोठा तितकी शुगर बहुधा जास्त चढते, म्हणून पहिल्याच दिवशीचा मोठा आकडा आम्हाला दुखापतीबद्दलही सांगत असतो. काकूंना मी हे सांगत नाही. “पुढे गोड बंद करावं लागेल का?” एवढंच त्या विचारतात. या शुगरसाठी तरी नाही, असं सांगते.

१.१५

सीटी स्कॅन. आजच्या दिवसातला सगळ्यात जोखमीचा तास हाच.

स्कॅनला न्यायचं म्हणून नाकातल्या नळीचं फीड थांबतं. पोटात काही जात नाही आणि पंप मात्र इन्सुलिन देत राहतो. शुद्धीतला माणूस घाम फुटला, हातपाय कापतायत, असं सांगतो. हा झोपेच्या औषधाखाली आहे. शुगर चाळीसवर गेली तरी तो तसाच पडून दिसेल. म्हणून फीड बंद केलं, की त्याच मिनिटाला इन्सुलिनबद्दल डॉक्टरांना विचारायचं. ड्रिप थांबवून, शुगर बघून, २५ टक्के डेक्स्ट्रोज ट्रेमध्ये घेऊन आम्ही निघतो. ट्रॉली ढकलणारे मामाही आता विचारतात, “पंप बंद ना, सिस्टर?”

२.३०

परत. शुगर १३१. फीड सुरू, इन्सुलिन अजून नाही. पोटॅशियम ३.३; इन्सुलिन ते पेशींत ओढतं, म्हणून भरून काढायचं.

५.००

तासाभरात ३५० मिली लघवी. शुगर खूप चढली तरी असं होतं, पण आत्ता ती १६८ आहे. मेंदूची सूज उतरवायच्या मॅनिटॉलमुळे असेल किंवा मेंदूतल्या पिट्युटरीचं काम बिघडल्यामुळे. सोडियम पाठवलं, डॉक्टरांना कळवलं.

रात्री ८.००

१७२. ड्रिप बंदच. चार्ज देताना मी दोनच गोष्टी पुन्हा म्हणते: फीड थांबलं तर आधी इन्सुलिनचं बघ, आणि १४० च्या खाली गेली तर वाट बघू नकोस.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमचं माणूस डोक्याला मार लागून आयसीयूत आलं, तर पहिल्या तासातच सांगा: त्याला आधीपासून मधुमेह आहे का, कोणत्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, स्टेरॉइड घेतो का, शेवटचं कधी खाल्लं. औषधांची पाकिटं घरून घेऊन या. त्याला स्वतःला यातलं काहीच सांगता येणार नसतं.