बाळंतिणीचा घोट

घोड नदीकाठी इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या कुंभांत पुरलेली अर्भके सापडली. पाळणा आणि मृत्यू तेव्हा एकाच छपराखाली नांदत होते.

आज बाळंतिणीच्या उशाशी खेळाडूंचे पेय येते. ते म्हणजे मुख्यतः पाणी, साखर, मीठ. लंडनमधील २००२ च्या अभ्यासात कळा सोसताना ते घेतल्याने उपाशीपणी वाढणारी कीटोन द्रव्ये रोखली गेली; प्रसूती मात्र लवकर झाली नाही. जोखीम नसेल तर कळांमध्ये खाण्यापिण्यास जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. कॅफिनयुक्त ‘एनर्जी’ पेये वेगळी; ती टाळावीत. नंतर पेज, अळिवाची खीर आहेच. मात्र ‘पाणी बाधते’ म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला तहानलेली ठेवू नका!